रेल्वे तिकिटांचे प्रकार गावातल्या प्रवाशाला कसे समजावून सांगावेत?

गिरणाकाठ (पाचोरा तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर एक मोठा फळा आहे. त्यावर आजवर कापसाचे भाव, भागवत सप्ताहाच्या तारखा आणि निधनवार्ता एवढेच लिहिले जात असे. आता त्याचा निम्मा भाग रेल्वे तिकिटांच्या माहितीसाठी राखून ठेवावा, असे कार्यकारी मंडळाने ठरवले आहे आणि मजकूर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हे ठरण्याचे कारण माझ्याच घरातले असल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही.

माझी मावशी आणि मावसा मागच्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी पाचोऱ्याहून नाशिकला निघाले. मावसांनी खिडकीवर ‘नाशिक, दोन’ एवढेच सांगितले आणि मेमूची (जवळच्या पल्ल्याच्या, गावोगाव थांबणाऱ्या गाडीची) वेळ जवळ असल्यामुळे त्यांना साधे तिकीट मिळाले. हातातल्या पिशव्या, पाण्याची बाटली आणि डोळ्यांचे जुने कागद सांभाळत ते पूल ओलांडून दुसऱ्या फलाटावर पोहोचेपर्यंत मेमू निघून गेली. त्यानंतर जी गाडी आली, तिच्या जनरल डब्यात ते चढले. गाडी सुपरफास्ट होती. वाटेतल्या एका स्थानकावर तपासनीसाने दोघांकडून भाड्यातला फरक आणि माणशी २५० रुपये दंड घेतला. मावसा हिशेबाचे पक्के आहेत, शेताची सगळी चोपडी स्वतः लिहितात. पैसे गेले त्याचे त्यांना फारसे दुःख नाही. त्यांचा प्रश्न असा आहे की, ‘गाव तेच, डबा तोच, तिकीट मी खिडकीवरून रांगेत उभे राहून विकत घेतले, मग मी विनातिकीट कसा?’

मला या प्रश्नाचे उत्तर देता आले, पण मावसांना पटेल अशा शब्दांत देता आले नाही. साधे, मेल-एक्सप्रेस, सुपरफास्ट, आरक्षित, तात्काळ, वेटिंग, आरएसी, पास, फलाट तिकीट ही सगळी नावे फळ्यावर एकाखाली एक लिहून काढली, तर ती वाचून कोणाला काही उमजेल असे मला वाटत नाही. ज्यांनी हे काम केले आहे, किंवा जे रोज प्रवास करतात, त्यांनी कृपया सांगावे की, सुरुवात कोठून करावी आणि कोणते शब्द वापरावेत. भाड्याचे तक्ते नको आहेत.

---

खिडकीमागचा माणूस (भुसावळ, निवृत्त)

आपण प्रश्न नेमका विचारला आहे. मी तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूस बसून नोकरीची बहुतेक वर्षे काढली, त्यामुळे ‘नाशिक, दोन’ हे शब्द मी किती वेळा ऐकले असतील याची गणतीच नाही. आपल्या मावसांची चूक एवढीच की, त्यांनी कोठे जायचे ते सांगितले, पण कशाने जायचे ते सांगितले नाही. खिडकीतला माणूस मागची रांग बघतो, घड्याळ बघतो आणि पुढची गाडी कोणती ते पाहून प्रकार ठरवतो. तो प्रकार तिकिटावर छापलेला असतो, परंतु सुटे पैसे मोजण्याच्या गडबडीत तो कोणी वाचत नाही.

माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ प्रकारांच्या संख्येत नाही. रेल्वेचे एकच तिकीट एकाच वेळी चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असते आणि आपण त्या चारही एकाच टोपलीत टाकतो, हे खरे मूळ आहे. पहिली गोष्ट, हे तिकीट कोणत्या दर्जाच्या गाडीत चालते. दुसरी, कोणत्या डब्यात चालते. तिसरी, जागा आपल्या नावाची आहे की नाही. आणि चौथी, ते कधीपर्यंत चालते. साधे, एक्सप्रेस आणि सुपरफास्ट हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. जनरल, स्लीपर आणि वातानुकूलित हे दुसऱ्याचे. कन्फर्म, आरएसी आणि वेटिंग हे तिसऱ्याचे. मावसांचे दुसरे उत्तर बरोबर होते, पहिले चुकले. ‘डबा तोच’ हे त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे, पण त्या डब्याला ओढणारी गाडी वेगळ्या दर्जाची होती.

आता गाडीचा दर्जा ओळखायचा कसा, तर नावावरून मुळीच नाही. आपल्याच मार्गावर बघा. विदर्भ एक्सप्रेस आणि सेवाग्राम एक्सप्रेस या दोन्हींच्या नावांत ‘एक्सप्रेस’ आहे, पण दोन्ही सुपरफास्ट आहेत. पंजाब मेलच्या नावात ‘मेल’ आहे, तीही सुपरफास्ट. महाराष्ट्र एक्सप्रेस मात्र खरोखरच एक्सप्रेस. नावे जुनी आहेत, गाड्यांचे दर्जे पुढे बदलत गेले आणि नावे तशीच राहिली. त्यामुळे क्रमांक बघावा. गाडीचा पाच आकडी क्रमांक १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट. विदर्भ १२१०५, सेवाग्राम १२१३९, पंजाब मेल १२१३७ आणि महाराष्ट्र एक्सप्रेस ११०३९ हे क्रमांक शेजारी शेजारी लिहिले तर शाळकरी पोरालाही फरक दिसेल. मेमूचा क्रमांक सहसा ६ ने सुरू होतो. फळ्यावर दुसरे काही लिहिले नाही तरी चालेल, पण हे लिहावे.

सुपरफास्ट म्हणजे काय, असेही कोणी विचारील. वेळापत्रकाप्रमाणे जिचा सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक आहे, ती सुपरफास्ट. गाडी प्रत्यक्षात तीन तास उशिरा आली तरी तिचा दर्जा आणि जनरल तिकिटावरचा १५ रुपयांचा अधिभार तसाच राहतो. या वाक्यावर लोक माझ्याशी भांडत असत आणि त्यांचे भांडण मला मनातून पटतही असे, परंतु संगणकाला मन नसते.

एक जुनी आठवण सांगतो, कारण ती विषयाला धरून आहे. पूर्वी तिकीट म्हणजे बोटभर लांबीचा जाडसर पुठ्ठा असे. माझ्या पाठीमागे लाकडी खणांचे कपाट होते, प्रत्येक गावाचा आणि प्रत्येक दर्जाचा खण वेगळा. पुठ्ठ्याच्या रंगावरून आणि पट्ट्यावरून दर्जा कळे. न वाचता येणारी म्हातारी बाईसुद्धा ‘हा तो रंग नाही’ म्हणून तिकीट परत सरकवीत असे. संगणक आल्यावर कोणत्याही गावाचे तिकीट कोणत्याही खिडकीवर मिळू लागले, ही मोठी सोय झाली. पण सगळी तिकिटे एकाच रंगाच्या कागदावर आली आणि डोळ्यांना दिसणारा फरक अक्षरांत जाऊन बसला.

---

कापूस_चोपडा

माफ करा, पण फळा लिहून काही साधेल असे मला वाटत नाही. आमच्या चोपड्याला रेल्वे नाही, त्यामुळे आम्ही जन्मभर एसटीने फिरलेली माणसे. एसटीत आधी गाडीत बसायचे आणि मग कंडक्टर येऊन तिकीट देतो. गाडी साधी असो वा निमआराम, ज्या गाडीत तुम्ही बसला आहात तिचेच तिकीट मिळते, चुकीचे तिकीट हातात पडण्याची सोयच नाही. रेल्वेत नेमके उलटे आहे. आधी तिकीट, मग गाडी, आणि दोन्ही जुळवण्याची जबाबदारी प्रवाशाची. ज्याने वर्षातून एकदा नाशिक गाठायचे, त्याने क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाठ करायचे, हे काही बरोबर नाही. प्रकारच कमी करा म्हणावे. साधे आणि एक्सप्रेस असे दोन भाव ठेवले तर काय बिघडेल?

---

खिडकीमागचा माणूस (भुसावळ, निवृत्त)

एसटीची तुलना मला पटली. इतकी वर्षे नोकरी करूनही ती मला सुचली नव्हती. आपली मागणीही गैर नाही, पण ती मंत्रालयाकडे करायची आहे आणि हा फळा वाचनालयाच्या भिंतीवर लागायचा आहे. तोवर एक सोपा उपाय सांगतो. वरच्या दर्जाचे तिकीट खालच्या दर्जाच्या गाडीत चालते, खालच्याचे वरच्यात चालत नाही. म्हणजे सुपरफास्टचे तिकीट खिशात असेल तर त्या मार्गावरच्या एक्सप्रेसच्या आणि मेमूच्या जनरल डब्यात बसता येते. मात्र जास्तीचे पैसे परत मिळत नाहीत. जिला कोणती गाडी मिळेल याची खात्री नाही, अशा व्यक्तीने खिडकीवर ‘सुपरफास्टचे द्या’ असे स्पष्ट म्हणावे.

---

पासवाली_अमळनेर

मी शिक्षिका आहे आणि गेली अनेक वर्षे अमळनेर ते जळगाव अप-डाउन करते. खिडकीमागच्या दादांनी सांगितलेले सर्व योग्यच आहे, त्यात रोजच्या प्रवासातल्या काही गोष्टींची भर घालते.

साध्या तिकिटाचा गोंधळ वाढण्यामागे एक अलीकडचे कारण आहे, ते विसरता कामा नये. २०२० मध्ये कोरोनामुळे पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि पुढे त्या सुरू झाल्या तेव्हा ‘विशेष’ म्हणून सुरू झाल्या. त्यांना एक्सप्रेसचे भाडे लागू झाले आणि कमीत कमी १० रुपयांना मिळणारे तिकीट ३० रुपयांना झाले. जवळच्या गावचे भाजीवाले, दूधवाले आणि विद्यार्थी हे ३० रुपये तीन-चार वर्षे भरत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये साधे भाडे पुन्हा लागू झाले. पण त्या काळात ज्या मुलांनी कॉलेजसाठी प्रवास सुरू केला, त्यांच्या दृष्टीने रेल्वेचे भाडे एकाच प्रकारचे होते. आता साधे आणि एक्सप्रेस असे दोन भाव पुन्हा आले, तेव्हा ही शिकली-सवरलेली मुलेच जास्त चुकतात. मोबाइलवरून तिकीट काढताना गाडीचा प्रकार विचारला जातो, तेथे ती सर्वांत स्वस्त पर्यायावर बोट ठेवतात आणि समोर येईल त्या गाडीत चढतात. आपल्या मावसांना निदान आपण काय मागितले ते आठवत होते.

मोबाइल तिकिटाविषयी फळ्यावर दोन ओळी हव्यातच. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने ‘रेलवन’ नावाचे ॲप आणले, त्यात जनरल आणि आरक्षित दोन्ही तिकिटे निघतात. मात्र बिनकागदी जनरल तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवावे लागते. मुलाने पुण्याहून काढून आईला त्याचे चित्र पाठवले, तर ते चित्र म्हणजे तिकीट नव्हे. आमच्या डब्यात हा प्रसंग दर आठवड्याला घडतो आणि प्रत्येक वेळी ती आई ‘पैसे तर भरले ना, बाई?’ असे मला विचारते, जणू तपासनीस मीच आहे.

पासाबद्दल लोकांचा समज असा की पास म्हणजे सर्व मोकळे. तसे नाही. पास ठरावीक दोन स्थानकांमधला असतो, तो १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतराचा मिळतो. सुपरफास्टने जायचे असेल तर त्याचा अधिभार पासावर वेगळा भरावा लागतो आणि आरक्षित डब्यात पास चालत नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट सांगते. जळगावपासून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारमार्गे सुरतकडे जाणारा मार्ग पश्चिम रेल्वेचा आणि भुसावळ-मनमाड मार्ग मध्य रेल्वेचा, म्हणून जळगावला उतरून दुसरे तिकीट काढावे लागते असे पुष्कळांना वाटते. तसे काही नाही. अमळनेरहून थेट चाळीसगावचे एकच तिकीट मिळते आणि ते काढणेच स्वस्त पडते.

माझी सूचना अशी की, फळ्यावर प्रकारांच्या व्याख्या लिहूच नयेत. प्रत्येक तिकिटापुढे फक्त ‘येथे चालेल’ आणि ‘येथे चालणार नाही’ असे लिहावे. मी चौथीच्या मुलांना असेच शिकवते आणि मोठी माणसे याबाबतीत फार वेगळी नसतात.

---

ई-सेवा_धरणगाव

माझे ई-सेवा केंद्र आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक आरक्षणासाठी येतात, त्यामुळे मी तेवढ्याच भागाबद्दल लिहितो.

सर्वांत जास्त फसवणारा शब्द ‘तात्काळ’ आहे. मराठीत तात्काळ म्हणजे ताबडतोब. म्हणून गाडीला दोन तास राहिलेले असताना माणूस धावत येतो आणि म्हणतो, ‘भाऊ, तात्काळ काढून द्या.’ प्रत्यक्षात तात्काळचे आरक्षण आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित डब्यांचे सकाळी १० वाजता आणि बाकीच्यांचे ११ वाजता. आपल्या खान्देशच्या माणसाला यात आणखी एक मेख आहे. हा ‘आदला दिवस’ गाडी जेथून निघते तेथल्या तारखेवरून मोजतात. आपण वाटेतली माणसे. हावड्याहून किंवा पंजाबकडून निघालेली गाडी जळगावला दुसऱ्या दिवशी पोहोचत असेल, तर आपल्याला बुधवारी बसायचे असले तरी ती मंगळवारी निघालेली असते आणि तिचे तात्काळ सोमवारीच उघडलेले असते. मंगळवारी सकाळी माझ्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला हे समजावताना मला स्वतःलाच बोटे मोजावी लागतात. कन्फर्म झालेले तात्काळ तिकीट रद्द केले तर सहसा काही परत मिळत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळसाठी खाते आधारशी जोडलेले लागते.

दुसरा फसवा शब्द ‘वेटिंग’. वेटिंगचे तिकीट म्हणजे उभ्याने प्रवास करायचे तिकीट, असा आपल्याकडे पक्का समज आहे. ते चूक आहे. वेटिंग म्हणजे नुसती रांगेतली जागा. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरचे सगळे प्रवासी चार्ट (गाडी सुटण्याआधी लागणारी जागांची अंतिम यादी) लागल्यावरही वेटिंगमध्येच राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत येतात. त्यानंतर त्या कागदावर गाडीत चढणारा माणूस विनातिकीटच धरला जातो. खिडकीवरून काढलेले वेटिंग तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही, ते गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी रद्द करून घ्यावे लागते, नाहीतर पैसे बुडतात. ते घेऊन स्लीपरमध्ये जाऊन बसणेही चालत नाही. एकाच गाडीची, एकाच भावाची ही दोन तिकिटे इतकी वेगळी वागतात, हे समजावताना माझी दमछाक होते. चार्ट पूर्वी सुमारे चार तास आधी लागत असे, आता त्याहून बराच आधी लागतो. त्यामुळे ‘स्टेशनवर जाऊन बघू’ ही सवय सोडावी लागेल.

आरएसीचे उलटे आहे. लोक आरएसी पाहून नाराज होतात आणि तिकीट रद्द करा म्हणतात. वास्तविक आरएसीवाल्याला गाडीत चढण्याचा पूर्ण हक्क असतो. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसायला जागा मिळते आणि कोणी आले नाही तर झोपायलाही मिळते. मी त्याला ‘अर्धा बर्थ नक्की’ असे म्हणतो आणि लोकांना ते लगेच पटते.

वेटिंगच्या आधी जी इंग्रजी अक्षरे येतात, त्यांच्या खोलात फळ्यावर शिरू नये असे माझे मत आहे. एवढेच सांगावे की, गाडी सुटते त्या स्थानकाची मुख्य यादी लवकर सरकते आणि आपल्यासारख्या मधल्या स्थानकांना मिळणारी ‘रिमोट’ किंवा ‘पूल’ यादी हळू सरकते. हावड्याचा १५ नंबर आणि जळगावचा १५ नंबर सारखे नसतात.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. पैसे घेऊन स्वतःच्या खात्यावरून दुसऱ्यांना तिकिटे काढून देणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. वाचनालयाने सेवाभावाने का होईना, असे काम अंगावर घेऊ नये. अधिकृत परवाना असलेल्याकडेच लोकांना पाठवावे.

---

गिरणाकाठ (पाचोरा तालुका)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभार. काल रात्री मावसा आणि मावशी या दोघांना समोर बसवून मी आपली उत्तरे वाचून दाखवली. विदर्भ आणि महाराष्ट्र एक्सप्रेसचे क्रमांक शेजारी शेजारी लिहून दाखवल्यावर मावसांनी चष्मा वर करून ते नीट पाहिले आणि म्हणाले, ‘हे तिकिटाच्या खिडकीवर का लिहीत नाहीत?’ मावशी मात्र अहिराणीत एवढेच म्हणाली की, ‘गाडीनं नाव सांग, मंग तिकीट माग.’ (आधी गाडीचे नाव सांग, मग तिकीट माग.) फळ्याचे शीर्षक मला तेथेच मिळाले.

ताईंच्या सूचनेप्रमाणे मी व्याख्या काढून टाकल्या आहेत. सध्याचा मसुदा असा आहे:

‘साधे तिकीट: मेमू व पॅसेंजरमध्ये चालेल. एक्सप्रेस व सुपरफास्टमध्ये चालणार नाही. एक्सप्रेसचे तिकीट: एक्सप्रेस, मेमू व पॅसेंजरच्या जनरल डब्यात चालेल. सुपरफास्टमध्ये चालणार नाही. सुपरफास्टचे तिकीट: तिन्हींच्या जनरल डब्यात चालेल. गाडीचा क्रमांक १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट समजावी, नावावर जाऊ नये. ही तिन्ही तिकिटे स्लीपर व वातानुकूलित डब्यांत चालणार नाहीत. आरएसी: अर्धा बर्थ नक्की, गाडीत चढावे. वेटिंग: चढू नये, पैसे परत कसे मिळतील ते आधी विचारावे. तात्काळ: गाडी मूळ स्थानकावरून ज्या दिवशी निघते त्याच्या आदल्या दिवशी मिळते, ऐन वेळी मिळत नाही. फलाट तिकीट: १० रुपये, दोन तास, फक्त सोडायला किंवा घ्यायला आलेल्यांसाठी. मोबाइलवरच्या जनरल तिकिटाचे चित्र चालणार नाही. नाशिकचे जनरल तिकीट काढल्यापासून तीन तास चालते.’

यात काही चुकले असल्यास कृपया सांगावे. रंगारी रविवारी येणार आहे.

---

खिडकीमागचा माणूस (भुसावळ, निवृत्त)

मसुदा चांगला उतरला आहे, परंतु शेवटचे वाक्य अर्धेच खरे आहे. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर प्रवास तीन तासांच्या आत सुरू करावा लागतो, आणि त्या वेळात त्या दिशेची गाडीच नसेल तर पुढच्या पहिल्या गाडीने जाता येते. ‘तीन तास चालते’ असे लिहिले तर तीन तासांत नाशिकला पोहोचलेच पाहिजे असे लोक समजतील. पाचोऱ्याहून नाशिकरोड १९९ किलोमीटरच्या आत येते, म्हणून आपल्या गावाला हा नियम लागू होतो. जळगावहून तेच अंतर २०० च्या पुढे जाते, म्हणून तेथून तीन दिवस आधीही जनरल तिकीट काढता येते. आपल्या गावातला एखादा माणूस जळगावच्या पाहुण्याचे ऐकून आदल्या दिवशीच पाचोऱ्याहून तिकीट काढून ठेवील आणि दुसऱ्या दिवशी ते कामाचे राहणार नाही, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. म्हणून ‘पाचोऱ्याहून’ हा शब्द अवश्य घालावा.

दुसरे, आपल्याकडे जनरल तिकिटाला ‘चालू तिकीट’ म्हणण्याची पद्धत आहे. फळ्यावर तो शब्द आपण वापरला नाही हे बरे केले, कारण आरक्षणाच्या खिडकीवर ‘करंट’ म्हणजे चार्ट लागल्यानंतर उरलेल्या जागांचे आरक्षण, आणि ‘चालू द्या’ म्हणणाऱ्याला कधी कधी भलतेच उत्तर मिळते. कंसात का होईना, ‘जनरल म्हणजेच आपले चालू तिकीट’ असे एकदा लिहावे. नाहीतर म्हातारी माणसे जनरल म्हणजे आणखी एक नवा प्रकार समजतील.

तिसरे, १० रुपयांचा आकडा फळ्यावर नको. दर बदलतात, रंग बदलत नाही. सर्व मजकूर तेलरंगात न लिहिता आकड्यांची आणि नियमांच्या वेळेची जागा खडूसाठी मोकळी ठेवावी आणि खाली ‘अमुक तारखेपर्यंतची माहिती’ असे लिहावे. रंगाऱ्याला सांगताना १२, २० आणि २२ हे आकडे मात्र तेलरंगातच आणि हातभर मोठे काढायला सांगावे, म्हणजे रस्त्यावरून सायकलीवर जाणाऱ्यालाही दिसतील.

---

कापूस_चोपडा

फळा लागला की त्याचा फोटो येथे टाकावा. आमच्या बसस्थानकाजवळच्या चहावाल्याला मी विचारून ठेवले आहे, त्याची भिंत मोकळी आहे. फक्त ‘पाचोऱ्याहून’च्या जागी आम्हाला जळगाव, धरणगाव आणि अमळनेर अशी तीन गावे लिहावी लागतील, कारण चोपड्याचा माणूस कोणत्या बसमध्ये जागा मिळाली त्यावर स्टेशन ठरवतो.